जोखीम तिची, सभा आपली : दापोलीतलं एक प्रकरण

ऑक्टोबर २०२५ मध्ये दापोली तालुक्यातल्या आमच्या महिला गटापुढे एक प्रश्न आला. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका अफगाणिस्तानातल्या दोन बहिणींना फोनवरून गणित शिकवत होत्या. त्या मुलींच्या बाजूने जाहीर सभा घ्यायची का? घेतली तर त्यांचं नाव, त्यांचा आवाज वापरायचा का? आणि हे ठरवायचं कुणी? सभा झाली. पण तिच्याआधी जे वाद झाले ते सभेपेक्षा महत्त्वाचे होते असं माझं मत आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून काढतेय. म्यानमार असो, इराण असो, अफगाणिस्तान असो, तिथल्या बायकांसाठी इथून काही करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हाच पेच येतो.

दोघी बहिणींना इथे मोठी आणि धाकटी एवढंच म्हटलं आहे. त्यांचं शहर लिहिलेलं नाही. काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. कोणते, ते सांगणार नाही.

ओळख झाली ती त्यांच्या भावामुळे. तो पुण्यात शिकायला आला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तिकडे सत्ता पालटली आणि त्याचं परत जाणं राहिलं ते राहिलंच. आमच्या शिक्षिका, सगळे त्यांना बाईच म्हणतात, त्यांची लेक पुण्यात त्याच्या शेजारच्या इमारतीत राहते. एका गणपतीत लेक त्याला घेऊन गावी आली. आरत्या झाल्या, मोदक झाले, आणि रात्री पडवीत बसल्यावर त्याने बाईंना विचारलं, माझ्या बहिणींना शिकवाल का? बाईंनी उभ्या हयातीत शिकवण्याला नाही म्हटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला पहिला प्रश्न केला तो हा, की कितवीपर्यंत झालंय?

या प्रश्नाचं उत्तर सरळ नव्हतं. तालिबानने सप्टेंबर २०२१ मध्ये माध्यमिक शाळा उघडल्या त्या फक्त मुलग्यांसाठी. मग २३ मार्च २०२२ ला मुलींच्या शाळाही सुरू होणार असं जाहीर झालं. मुली दप्तरं घेऊन वर्गात जाऊन बसल्या, आणि काही तासांतच त्यांना घरी पाठवण्यात आलं. धाकटी त्या दिवशी वर्गात होती. तेव्हापासून ती शाळेत गेलेली नाही. मोठी विद्यापीठात होती. २० डिसेंबर २०२२ च्या आदेशाने विद्यापीठं बायकांना बंद झाली. चारच दिवसांनी स्वयंसेवी संस्थांमध्ये बायकांनी काम करण्यावर बंदी आली. मोठीने मग सुईणीच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, कारण आरोग्याचं शिक्षण तेवढं अजून चालू होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तेही दार बंद झालं. त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, एक कायदा आला होता: बाईने घराबाहेर चेहरा झाकावा, आणि तिचा आवाज परक्या माणसांच्या कानी पडू नये. मुलींना माध्यमिक आणि उच्च शिक्षणाची सरसकट बंदी असलेला तो जगातला एकमेव देश आहे. प्राथमिकच्या पुढे शिकण्यापासून अडवलेल्या मुलींची संख्या युनेस्कोने २०२५ मध्ये सुमारे २२ लाख सांगितली.

या प्रकरणात आणखी एक आदेश महत्त्वाचा ठरला. मे २०२२ च्या पेहरावाच्या फर्मानात बाईने नियम मोडला तर शिक्षा तिच्या घरच्या पुरुषाला, अशी तजवीज होती. आधी ताकीद, मग बोलावणं, मग कोठडी. म्हणजे मुलीने काही केलं तर बाप तुरुंगात जाणार. प्रत्येक घरात एक पहारेकरी बसवण्याचा हा मार्ग आहे, आणि तो चालतो.

वर्ग चालायचा तो असा. आपल्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा तिकडे तीन. घरातले पुरुष कामावर आणि शेजारपाजार सुस्तावलेला, म्हणून मुलींनी निवडलेली ही वेळ. कॅमेरा दोन्हीकडून बंद. पुस्तक बालभारतीचं, इंग्रजी माध्यमाचं, कारण त्याची पीडीएफ फुकट उतरवून घेता येते आणि बाईंना ते पाठ आहे. गृहपाठाचे फोटो येत. चौरस वहीचं पान, त्यावर वर्गसमीकरण सोडवलेलं, पायऱ्या एकाखाली एक नीट मांडलेल्या, समान चिन्हं एका रेषेत. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे आपल्याकडे मुलं नाव नि इयत्ता लिहितात, तिथे प्रत्येक फोटोत धाकटीचा अंगठा असायचा. बाईंनी तो अंगठा एकदा मला मोठा करून दाखवला. नखाला शाई लागलेली. त्या म्हणाल्या, "ही मुलगी नाव लिहिते. लिहिते, आणि मग झाकते." तपासून झालं की दोन्हीकडून फोटो पुसून टाकायचे असा नियम होता, आणि तो मुलींनीच घातलेला होता.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जायची, तिकडे वीज नसायचीच. तरी वर्ग चालू होता. २९ सप्टेंबर २०२५ ला तालिबानने देशभरातलं इंटरनेट तोडलं. फोनसुद्धा लागेनात. दोनेक दिवस काहीच कळेना. भाऊ पुण्याहून बाईंना फोन करी, बाई त्याला, आणि दोघांकडेही सांगण्यासारखं काही नसे. १ ऑक्टोबरला संध्याकाळी जोडणी आली. पहिला निरोप धाकटीचा होता: उस्ताद-जान, सातव्या उदाहरणाचं उत्तर पुस्तकात चुकीचं आहे का? बाईंनी पुस्तक काढून उदाहरण सोडवलं. उत्तर बरोबर होतं, धाकटीचं चिन्ह चुकलं होतं. ते त्यांनी तिला सांगितलं आणि मग त्या रडल्या.

या सगळ्याला दहा दिवस होत नाहीत तोच दिल्लीची बातमी आली. १० ऑक्टोबरला तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी यांनी अफगाण दूतावासात पत्रकार परिषद घेतली आणि तिथे एकाही महिला पत्रकाराला घेतलं नाही. भारताच्या राजधानीत. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्या पत्रकार परिषदेशी आपला संबंध नसल्याचं सांगितलं. देशभर ओरड झाली. १२ तारखेला मुत्ताकींनी दुसरी पत्रकार परिषद घेतली, आणि तिला बायकांनाही बोलावणं होतं.

दोन बाजू

आमच्या गटात खेडच्या एक वकील आहेत, आम्ही त्यांना वकीलताई म्हणतो. १२ तारखेला रात्री त्यांचा गटावर निरोप आला. ओरड केली की दोन दिवसांत दार उघडतं, हे आता सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे तर प्रत्यक्ष दोन मुली आहेत. दापोलीत सभा घेऊ, मोठीने बोललेलं ऐकवू, वर्तमानपत्रात येऊ दे.

बाईंनी एका शब्दात उत्तर दिलं. नको.

पुढच्या रविवारी बाईंच्या ओटीवर बैठक बसली आणि ती चांगलीच तापली. वकीलताईंचं म्हणणं भावनेच्या भरात केलेलं नव्हतं, त्यामागे अभ्यास होता. त्या म्हणाल्या, गप्प राहणं हेच तर त्या राजवटीला हवं आहे. ज्यांची नावं जगाला माहीत आहेत त्यांच्यावर हात टाकताना सरकारं कचरतात. त्यांनी दाखला दिला मतिउल्लाह वेसा यांचा. खेडोपाडी मुलींच्या शिक्षणासाठी फिरणारा हा अफगाण कार्यकर्ता मार्च २०२३ मध्ये पकडला गेला, जगभरातून मागणी होत राहिली, ऑक्टोबरमध्ये सुटला. दुसरा दाखला इराणच्या नर्गिस मोहम्मदी यांचा. २०२३ चं शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या, ओस्लोला जाऊन ते त्यांच्या जुळ्या मुलांनी घेतलं. "नाव हीच त्यांची ढाल आहे," वकीलताई म्हणाल्या.

बाईंनी ऐकून घेतलं आणि मुरुडची गोष्ट काढली. मुरुड आमच्याच तालुक्यात, समुद्राला लागून, महर्षी कर्व्यांचं गाव. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा गावाने बहिष्कार टाकला. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी शाळेत ऐकलेली, दरवर्षी जयंतीला भाषणंही ऐकलेली. पण बाईंनी बोट ठेवलं ते वेगळ्याच जागी. अण्णा, म्हणजे कर्वे, तेव्हा पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. पाऊल त्यांनी उचललं पुण्यात, आणि गावात तोंड द्यावं लागलं ते आईला, घरच्यांना. "अण्णांनी तरी स्वतःचं लग्न केलं होतं," बाई म्हणाल्या. "आपण दुसऱ्याच्या घरावर बहिष्कार ओढवून घ्यायला निघालोय, आणि राहणार दापोलीत."

मला त्या दिवशी वाटलं, आजही वाटतं, की दोघी आपापल्या ठिकाणी बरोबर होत्या, फक्त वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत होत्या. वेसा किंवा नर्गिस मोहम्मदी यांनी उघडपणे लढायचं आधीच ठरवलं होतं. त्यांना पकडून झालं होतं. पकडलेल्या माणसाला लपून काही मिळवायचं नसतं, त्याचा विसर पडणं हाच त्याला धोका असतो, म्हणून तिथे नाव घ्यायचं, पुन्हा पुन्हा घ्यायचं. जी अजून कुणाच्या नजरेत आलेली नाही, तिची सुरक्षितता नेमकी त्यातच आहे. दापोलीच्या सभेतून तिला प्रसिद्धी मिळेल ती तिला ढाल होण्याइतकी मोठी नसेल, पण तिच्या गल्लीत पोचण्याइतकी मात्र पुरेल. एक व्हिडिओ पुढे ढकलत ढकलत कुठवर जातो हे आपण रोज पाहतो. सगळ्यात वाईट जागा ही मधली आहे: थोडंसं नाव झालेलं.

विचारायचं कुणाला

बैठक संपता संपता कुणीतरी म्हणालं, भावालाच विचारा ना. सगळ्यांनी मान डोलावली. भाऊ इथे आहे, मराठीही मोडकं-तोडकं बोलतो, दोन्हीकडचं त्याला कळतं. बाईंनी फोन लावला. तो म्हणाला, नको, काकू, काहीच करू नका. आवाज नाही, पत्र नाही, सभाच नको. माझ्या वडिलांना घेऊन जातील. त्याचा आवाज कापत होता, आणि त्याची भीती खोटी नव्हती. मे २०२२ चं ते फर्मान आमच्यासाठी बातमी होती, त्याच्यासाठी ते घर होतं.

प्रश्न मिटला असं बहुतेकींना वाटलं. तेव्हा उर्दू शाळेतल्या एक शिक्षिका बोलल्या. त्या आमच्या किनाऱ्यावरच्याच, गटात वर्षानुवर्षं आहेत, कमी बोलतात. त्या म्हणाल्या, "तालिबान म्हणतं, बाईच्या वतीने घरातला पुरुष बोलेल. आपण पण तेच केलं ना आत्ता?"

ओटीवर कुणाला काही सुचेना. या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा क्षण हाच. भावाचं प्रेम खरं आहे, त्याचा अंदाजही कदाचित बरोबर आहे. तरी मोठी २३ वर्षांची आहे, विद्यापीठात शिकलेली आहे, आणि तिच्या नावाचं काय करायचं याबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. आपण ज्या नियमाविरुद्ध उभे आहोत तोच नियम सोयीचा म्हणून वापरायचा, ही चूक बाहेरून मदत करणाऱ्यांच्या हातून सहज होते, कारण मध्यस्थ हाताशी असतो आणि ती लांब असते.

बाईंनी दोघींना वेगवेगळं विचारलं, वर्गाच्या वेळात नाही. वर्गात विचारलं तर शिकवणाऱ्या बाईंना नाही म्हणणं विद्यार्थिनीला जड जातं, आणि शिकवणं बंद होईल की काय ही धास्तीही असते. म्हणून आधी स्पष्ट सांगितलं, की हो म्हण, नाही म्हण, वर्ग चालूच राहील. काय होऊ शकतं ते वकीलताईंनी लिहून दिलं होतं, काही न झाकता: सभेला शंभरेक बायका असतील, फोन असतील, वर्तमानपत्र असेल, आम्ही काळजी घेऊ पण शब्द देऊ शकत नाही. उत्तर लगेच देऊ नका, असंही सांगितलं.

धाकटी म्हणाली, माझा आवाज नको, मला वर्ग हवाय.

मोठी म्हणाली, माझं नाव द्या. पूर्ण नाव. मी कधीपासून कुणीच नाही आहे.

आता खरी अडचण आली. तिने स्वतः हो म्हटलं होतं, आणि धोका तिच्या एकटीचा नव्हता. वडील होते, धाकटी होती. वकीलताईंनी या वेळी जे केलं त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. सभा त्यांना हवी होती, मोठीचा होकार त्यांच्या हातात होता. तरी त्यांनी तिला कळवलं, की तुझा भाऊ काय म्हणतो ते हे, धाकटी काय म्हणते ते हे. निर्णय तुझाच, पण घरात बोल, मग सांग. भावाला त्यांनी वेगळं सांगितलं, की तिला अडवू नकोस, तुझी भीती तिच्यासमोर मांड.

काही दिवस गेले. मग मोठीचा निरोप आला. नाव नाही, आवाज नाही. पत्र लिहीन, ते तुमच्यापैकी कुणी वाचा. तिचं मन वळवलं ते भावाने नाही, आईने. आई तिला म्हणाली होती: नाव नंतरही देता येतं, दिलेलं परत घेता येत नाही.

पत्रातून काय काढलं

पत्र इंग्रजीत आलं, बाईंच्या लेकीने मराठी केलं. मग आम्ही तिघी-चौघी ते घेऊन बसलो. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचं नाव काढलं. वडिलांच्या आजाराचा उल्लेख काढला, कारण तो आजार आणि तो डोंगर एकत्र आले की घर सापडतं. भाऊ भारतात असल्याचं काढलं. गणिताच्या वर्गाचं काढलं. प्रत्येक वेळी मोठीला विचारलं, आणि तिने प्रत्येक वेळी मान्यता दिली, एका जागेखेरीज. तिचं एक वाक्य होतं: "मला कुणी वाचवायला नको आहे, मला माझं नाव असलेलं प्रमाणपत्र हवं आहे." आमच्यातल्या एकीला ते जरा उद्धट वाटलं, सभेत लोकांना लागेल असं वाटलं. मोठीने कळवलं, हे वाक्य जाणार नसेल तर पत्र पाठवू नका. वाक्य राहिलं.

पत्रात तिने एक मागणीही केली होती. ८ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्लाह अखुंदजादा आणि मुख्य न्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध, मुली आणि बायकांच्या छळाच्या गुन्ह्यासाठी, अटक वॉरंट काढलं. हे तिला माहीत होतं. तुमच्या देशाने या न्यायालयाला साथ द्यावी, असं तिने लिहिलं होतं. वकीलताईंना तिला समजावून सांगावं लागलं, की भारताने त्या न्यायालयाच्या करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे आपल्या सरकारकडे ही मागणी करून हाती काही लागणार नाही. मोठीने विचारलं, मग तुमच्या सरकारच्या हातात काय आहे?

हा प्रश्न आम्हाला मार्गी लावणारा ठरला. सरकारच्या हातात व्हिसा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द ठरवले. त्यात इथे प्रवेश मिळालेले विद्यार्थीही अडकले. सरकारच्या हातात शिष्यवृत्त्या आहेत, घरबसल्या शिकता येणारे पदवीचे अभ्यासक्रम आहेत. आणि सरकारच्या हातात भेटीगाठी आहेत. मुत्ताकी संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांच्या यादीत आहेत, दिल्लीला येण्यासाठी त्यांना खास सूट घ्यावी लागली होती. त्या भेटीनंतर ऑक्टोबरमध्येच भारताने काबूलमधल्या आपल्या तांत्रिक कार्यालयाला दूतावासाचा दर्जा दिला. ज्याला तुमच्याकडून काही हवं आहे त्याच्याकडे तुम्ही काही मागू शकता. आपल्या शिष्टमंडळात महिला अधिकारी असाव्यात, पत्रकार परिषद भारताच्या भूमीवर होत असेल तर तिथे महिला पत्रकार असाव्यात, आणि मुलींच्या शाळांचा विषय प्रत्येक भेटीत निघावा. हे मागायला अफगाणिस्तानातल्या कुणाचं नाव लागत नाही. मागणारे आपण, सही आपली, पत्ता आपला. या कामात जितकं मोठ्याने बोलाल तितकं थोडं.

सभेला आलेले आणि न आलेले

सभेची तारीख जाहीर होताच दोन गोष्टी झाल्या.

एका स्थानिक पुढाऱ्याकडून सांगावा आला, की हॉल, मांडव, माईक सगळं आमचं. फलकावर काय लिहायचं तेही आम्ही देऊ. ते काय लिहिणार होते याचा अंदाज यायला वेळ लागला नाही. मुत्ताकींच्या बातमीनंतर किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांना उद्देशून काहीबाही संदेश फिरतच होते. अफगाण मुलींचं दुःख आमच्या गावातल्या मुसलमान बायकांना टोचायला वापरायचं, हा त्यातला बेत. आम्ही हॉल नाकारला. सभा एका सभासद बाईंच्या अंगणात घेतली. पत्र वाचायला उर्दू शाळेच्या त्याच शिक्षिका उभ्या राहिल्या. त्यांनी वाचण्याआधी चार वाक्यं बोलली. विद्यापीठांवरची बंदी आली तेव्हा कैरोच्या अल-अझहरच्या प्रमुख इमामांनी ती शरियतविरुद्ध आहे असं जाहीर म्हटलं होतं, हे त्यांनी सांगितलं. आपल्या शाळेतल्या किती मुली यंदा दहावीला बसल्या तेही सांगितलं. "त्यांच्या मुली घरी बसवल्या आहेत त्या तालिबानने," त्या म्हणाल्या, "आणि ज्यांना त्याचं वाईट वाटतं त्यांनी आधी आमच्या मुलींची फी विचारावी." टाळ्या पडल्या, त्यात मागे उभी असलेली पुरुष मंडळीही होती.

दुसरी गोष्ट हर्णैहून आली. बंदरावर मासळी विकणाऱ्या काही बायका आमच्या गटात आहेत. त्यातली एक थेट म्हणाली, "तिकडच्या पोरींचं बोलताय, बोला. आमच्या पोरी बारावीनंतर घरी का बसल्यात ते कोण बोलणार? कॉलेज सुटतं तेव्हा गाडी नाय. अंधारातून यायचं कसं?" काहींना हा विषयांतराचा प्रकार वाटला. मला वाटला नाही. फर्मानाने शाळा बंद होणं आणि गाडी नसल्यामुळे कॉलेज सुटणं यात मोठा फरक आहे, दोन्ही एकाच मापाने मोजणं म्हणजे तिथल्या मुलींवर अन्याय आहे. पण जिची लेक घरी बसली आहे तिला तुम्ही दुसऱ्या देशातल्या मुलीसाठी सही मागणार असाल, तर तिच्या लेकीसाठी आधी तुमची सही हवी. सभेत दोन ठराव झाले. पहिला संध्याकाळच्या गाडीचा, दुसरा व्हिसा, शिष्यवृत्त्या आणि भेटीगाठींचा. हर्णैच्या बायका शेवटपर्यंत बसल्या आणि दोन्हींवर सह्या केल्या, काहींनी अंगठे.

पत्र वाचायच्या आधी सगळ्यांचे फोन टोपल्यांत गोळा केले. थोडी कुरकुर झाली. बातमीदार आले होते, त्यांना पत्राचा कागद दिला नाही, फोटो घेऊ दिला नाही. ठरावांची प्रत दिली. बातमी आली ती आतल्या पानावर, ठरावांची. वकीलताईंना ती लहान वाटली. आम्हाला जे छापून यायला हवं होतं ते त्यात होतं, आणि जे नको होतं ते नव्हतं.

साधलं काय, याचा हिशेब मांडायचा तर तो तोकडा आहे. ठराव खासदारांकडे आणि दिल्लीला गेला. पोच आली. व्हिसाचं पुढे काही कळलेलं नाही. गाडीसाठी मात्र आगारात दोन बैठका झाल्या आणि प्रयोग म्हणून एक फेरी सुरू झाली. सह्या गोळा करताना तालुक्यातल्या तीन कॉलेजांतल्या मुलींनी हा विषय उचलला आणि आपापल्या खासदारांना वेगळी पत्रं लिहिली, हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. सभेचं वर्णन मोठीला कळवलं तेव्हा तिने पहिलं विचारलं ते हे, की ते वाक्य वाचलं का. वाचलं म्हटल्यावर तिने विचारलं, लोक रागावले का. एक बाई रागावली, असं बाईंनी खरं ते सांगितलं.

नावाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, तो दुसऱ्या दाराने परत आला आहे. मोठीला प्रमाणपत्र हवं आहे. घरबसल्या करता येईल अशी पदवी शोधून झाली. पण कोणत्याही विद्यापीठात नाव घालायचं तर खरं नाव, जन्मतारीख, ओळखपत्र, जुन्या गुणपत्रिका, सगळं द्यावं लागतं, आणि ते कुठल्यातरी संगणकात राहतं. परीक्षेला कॅमेरा चालू ठेवावा लागेल, चेहरा दाखवावा लागेल. अंगठ्याखाली झाकलेलं नाव इथे झाकून चालणार नाही. भावाचं म्हणणं, हे सभेपेक्षा धोक्याचं आहे, कारण नोंद कायमची. मोठीचं म्हणणं, कायमची नोंद हवी म्हणूनच तर हे सगळं. बाई या वेळी तिच्या बाजूने आहेत आणि वकीलताई भावाच्या. गुणपत्रिका येऊन पडल्या आहेत, अर्जाचे सगळे रकाने भरून झालेत. पत्रव्यवहाराच्या पत्त्यात बाईंनी स्वतःचा दापोलीचा पत्ता घालायला सुचवलं आहे. तो चालेल का, आणि चालला तरी घालावा का, यावर गुरुवारी पुन्हा बैठक आहे. मोठी त्या बैठकीला फोनवर असणार आहे.